आमच्या घरातले पहिले कुलूप

"मावशी, तुमच्या गावात चोरी होत नाही असे ऐकून होतो. आमची खोली मात्र चोरीला गेली!"

नंदुरबारहून आलेले ते गृहस्थ हे वाक्य रागाने बोलले असते, तर मला एवढे लागले नसते. पण ते हसून बोलले.

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. तारीख २८ मार्च २०२५, वार शुक्रवार. दुसऱ्या दिवशी शनी अमावास्या. गृहस्थांच्या हृदयाची शस्त्रक्रिया होऊन चारच महिने झाले होते. बरे होऊन उठलो की शिंगणापूरला जाऊन शनैश्वराला तेल घालीन, असा त्यांचा नवस. जिना चढायची मनाई, म्हणून तीन आठवडे आधी फोन करून त्यांनी आमच्याकडची तळमजल्यावरची खोली सांगून ठेवली होती. पाचशे रुपये आगाऊही पाठवले होते. आणि त्या घटकेला त्याच खोलीत सुरतेचे पाच माणसांचे कुटुंब गाढ झोपले होते. त्यांनीही पैसे भरले होते. प्रवासाच्या एका संकेतस्थळावर, अगदी रीतसर!

आम्ही माजघरात अंथरूण घातले. पण अमावास्येची रात्र. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटी त्या बाई माझ्याशेजारी आडव्या झाल्या आणि ते गृहस्थ अंगणात उभ्या असलेल्या गाडीत, आसन मागे करून पडून राहिले. मला रात्रभर डोळा लागला नाही. दर तासाला उठून मी गाडीच्या काचेतून आत डोकावत होते. छातीवर टाके घातलेला माणूस, आणि तो माझ्या दारात गाडीत झोपलेला!

सकाळी दर्शन झाल्यावर आम्ही पाचशे रुपये परत केले. ते त्यांनी घेतले. न्याहरीला मात्र थांबले नाहीत.

आमच्या गावात चोराला शासन देव करतो अशी श्रद्धा आहे. मी तशी फार देवभोळी नाही. पण त्या दिवसापासून "चोरीला गेली" हे शब्द कानांत बसले ते बसलेच. एकच खोली दोघांना विकणे म्हणजे दुसरे काय असते?

बिनदाराचे गाव

ज्यांनी आमचे गाव पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. शनिशिंगणापूर नेवासे तालुक्यात आहे. ज्या नेवाशात पैसाच्या खांबापाशी ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तोच हा तालुका. जिल्हा पूर्वीचा अहमदनगर, २०२४ पासून अहिल्यानगर. नगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागले की घोडेगावापाशी आत वळायचे. देव उघड्या चौथऱ्यावर उभा. काळी शिळा, वर छप्पर नाही. देवाला छप्पर नाही आणि घरांना दारे नाहीत. चौकट असते, तिला पडदा असतो. रात्री कुत्रीमांजरे आत येऊ नयेत म्हणून कुणी एखादी फळी आडवी लावते, एवढेच.

जग बदलले तसे गावही थोडे बदलले, हे लपवण्यात अर्थ नाही. २०१० साली एका प्रवाशाच्या गाडीतून ऐवज गेल्याची तक्रार झाली आणि वर्तमानपत्रांतून गाजली. २०११ च्या जानेवारीत युको बँकेने गावात शाखा उघडली. तिला काचेचे दार आहे, पण डोळ्यांना दिसेल असे कुलूप नाही. २०१५ साली पोलीस ठाणेही आले. तरी अजून नवे घर बांधताना बहुतेक लोक सुताराला चौकटीपुरतेच बोलावतात.

अशा गावात आमच्या चार खोल्या आहेत. खाली एक, वर तीन. राहायचे आणि सकाळी घरचे खायचे, म्हणजे सरकारी भाषेत 'निवास व न्याहरी'. पर्यटन विकास महामंडळाची या नावाची योजना आहे. केंद्र सरकारच्या अशाच योजनेत एक ते सहा खोल्या चालतात आणि घरमालकाने त्याच घरात राहावे लागते. आम्ही घरातच राहतो, जाणार कुठे! पाहुण्यांच्या पैशांतूनच धाकट्या मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी जाते. तेव्हा हा आमचा छंद नव्हे, पोटाचा व्यवसाय आहे.

वहीत एक, फोनमध्ये दुसरे

आता ती चूक झाली कशी ते सांगते. दोष कुणा कंपनीचा नव्हता, आमचाच होता.

घरातली आरक्षणे दोन ठिकाणी होत. फोन आला की आमचे 'हे' तो लाल कापडी बांधणीच्या वहीत टिपून ठेवीत. वीस वर्षांच्या वह्या त्यांनी जपून ठेवल्या आहेत. दुसरीकडे सूनबाईंनी दोन वर्षांपूर्वी प्रवासाच्या दोन संकेतस्थळांवर आमच्या खोल्या टाकल्या. ती आरक्षणे त्यांच्या फोनमध्ये येत. रोज रात्री जेवणानंतर दोघांनी वही आणि फोन समोरासमोर धरून मेळ घालायचा, असे ठरले होते. एरवी ते जमत असे. कारण आमच्याकडे आठवड्याचे पाच दिवस खोल्या रिकाम्याच असतात. बहुतेक लोक शिर्डीला उतरतात, दिवसा येऊन दर्शन घेतात आणि परततात. मुक्कामाला माणूस येतो तो शुक्रवारी रात्री, आणि त्यातून अमावास्या शनिवारी आली की लाखांनी लोटतो. म्हणजे वर्षभर चूक करायला सवड आणि दोन-तीन रात्री चुकीला जागाच नाही, असा हा धंदा! त्या मार्च महिन्यात 'ह्यां'ना ताप आला, चार रात्री मेळ घातला गेला नाही, आणि तेवढ्यात सुरतेचे पैसे जमा झाले.

पुण्याचा भाचा संगणकाचे काम करतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मामी, तुम्ही एकट्याच नाही. हा रोग विमान कंपन्यांनाही झाला होता."

त्याने सांगितलेली हकिगत मोठी मजेची आहे. १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या विमान कंपन्यांची आरक्षणे कार्डांच्या पेट्यांमधून चालत. एक माणूस कार्ड काढून खूण करी, तोवर दुसऱ्या टोकाला दुसरा माणूस तीच जागा विकून मोकळा होई. अखेर अमेरिकन एअरलाइन्सने आयबीएम कंपनीच्या मदतीने 'सेबर' नावाची यंत्रणा उभारली आणि १९६० नंतरच्या दशकात सगळ्या जागा एकाच ठिकाणी मोजल्या जाऊ लागल्या. आपल्या रेल्वेचेही तेच. परतीच्या प्रवासाची जागा मागायला पूर्वी तार करावी लागे, हे 'ह्यां'ना चांगले आठवते. दिल्लीला संगणकावर आरक्षण सुरू झाले १९८६ साली, मुंबईला १९८७ साली. आणि ऑगस्ट २००२ पासून घरबसल्या तिकीट मिळू लागले.

"म्हणजे वही एकच हवी," 'हे' म्हणाले.

"बरोबर, मामा. रांजण एकच, ओगराळी कितीही असोत!"

बाजारात काय मिळते

मग आम्ही तो रांजण शोधायला निघालो. मी गृहिणी, भांडे घेताना टिचकी मारून बघते, तसेच हेही बघायचे ठरवले.

पहिला मार्ग फुकटचा. प्रत्येक संकेतस्थळावर आपल्या खोल्यांचे एक कॅलेंडर असते. एकाची दुवा-ओळ दुसऱ्यात चिकटवली की दोन्ही कॅलेंडरे एकमेकांना बघू लागतात. ही पद्धत १९९८ साली ठरलेली आहे आणि अजून चालते. पण तीत एक गोम आहे. कॅलेंडर दुसऱ्याकडे डोकावते ते काही तासांनी एकदा. आम्ही प्रयोग केला. सकाळी अकराला एका ठिकाणी खोली 'भरली'. दुसऱ्या ठिकाणी ती दीड वाजेपर्यंत रिकामीच दिसत होती. साध्या बुधवारी हे चालेल. अमावास्येच्या आधीच्या आठवड्यात अडीच तास म्हणजे एक युग!

दुसरा मार्ग मोठ्या हॉटेलांच्या प्रणालीचा. त्यात उपाहारगृहाची बिले, धुलाईचा हिशेब, नोकरांच्या पाळ्या, सगळे होते. दाखवायला आलेला तरुण मोठा गोड बोलणारा होता. "काकू, तुमचे चाळीस खोल्यांचे हॉटेल होईल तेव्हाही हेच चालेल!" मी म्हटले, "बाळा, चार खोल्यांच्या चादरी धुताना माझी कंबर जाते. चाळीस होणार नाहीत." शिवाय वर्षाचे पैसे आगाऊ हवे होते.

तिसरा मार्ग छोट्या निवासांसाठी केलेल्या प्रणालींचा. यांत आपल्या स्वतःच्या पानावर आरक्षणाचे बटण मिळते, यूपीआयने पैसे घेता येतात आणि मुख्य म्हणजे 'चॅनल मॅनेजर' असतो. त्याचे काम एवढेच की कुठेही एक खोली गेली, की त्याच मिनिटाला बाकी सगळ्या संकेतस्थळांवरून ती काढून टाकायची. कॅलेंडरासारखी वाट बघायची नाही. अशा तीन प्रणाली आम्ही महिनाभर फुकट वापरून पाहिल्या. बहुतेक कंपन्या तशी सवलत देतात. ती घेतल्याशिवाय कुणी पैसे भरू नयेत.

"खोलीला कुलूप आहे का?"

पहिल्याच प्रणालीत अर्ज भरताना गंमत झाली. सूनबाई प्रश्न वाचत होत्या, मी उत्तरे देत होते.

"आई, गिझर आहे का विचारतात."

"आहे म्हणावे."

"वाहन लावायला जागा?"

"अंगण आहे."

"खोलीच्या दाराला कुलूप आहे का?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. 'नाही' वर टिचकी मारली तर खोलीच्या नावापुढे 'सुरक्षित नाही' अशा अर्थाचा शेरा उमटला. 'होय' म्हणावे तर खोटे. कुलूपच काय, दारही नाही! शेवटी दुसऱ्या एका प्रणालीत यजमानाला आपल्या शब्दांत लिहायला चौकट सापडली. तिथे मी मराठीत लिहिले आणि भाच्याने हिंदी व गुजराथी केले: 'आमच्या गावात घरांना दारे नसतात. खोलीला जाड पडदा आहे. आम्ही घरातच असतो. किमती ऐवज आणू नये; आणल्यास आपल्याजवळ ठेवावा.' पैसे भरण्याआधी पाहुण्याला हे वाचावेच लागते, अशी सोय तिथे होती. तेव्हापासून "अहो, दार कुठे आहे?" म्हणून रात्री दहाला ओरडणारा एकही पाहुणा आलेला नाही.

न्याहरीचेही तसेच. तयार चौकटी दोनच: शाकाहारी आणि मांसाहारी. आमच्याकडे शनिवारी निम्म्या लोकांचा उपास. शाबुदाणा आदल्या रात्री भिजत घालावा लागतो, म्हणून शुक्रवारीच आकडा कळायला हवा. 'उपास आहे काय?' हा प्रश्न आपल्याला घालता येतो का, ही माझी दुसरी टिचकी. तीनांपैकी दोन प्रणालींत तो घालता आला.

दोन फोनांची परीक्षा

खरी परीक्षा भाच्याने सुचवली. "मामी, दोन माणसे एकाच वेळी एकाच खोलीवर सोडा."

सूनबाई अंगणात चिंचेखाली बसल्या, भाचा पुण्याला. मी मधोमध 'एक, दोन, तीन' म्हणायला. पहिल्या प्रणालीत दोघांनाही खोली रिकामी दिसली, दोघांचेही पैसे घेतले गेले आणि मग एकाला 'क्षमस्व, रक्कम परत होईल' असा निरोप आला. म्हणजे पुन्हा नंदुरबारच! तीच खोली, तेच हसू.

दुसऱ्या प्रणालीत सूनबाईंच्या फोनवर ओळ उमटली की ही खोली आपल्यासाठी पंधरा मिनिटे राखून ठेवली आहे. भाच्याला त्याच क्षणी दिसले, खोली उपलब्ध नाही. आम्ही पाच वेळा करून पाहिले. कधी सून जिंकली, कधी भाचा. दोघे कधीच जिंकले नाहीत.

"हे कसे करते रे?" मी विचारले.

"पहिला माणूस पैसे भरायला लागला की वहीतल्या त्या ओळीला प्रणाली कुलूप घालते. त्याचे होईपर्यंत दुसऱ्याला ती ओळ उघडता येत नाही. आमच्या भाषेत त्याला लॉकच म्हणतात."

मी हसले. ज्या घराला आजे-सासऱ्यांपासून कुणी कडी लावली नाही, त्या घरात पहिले कुलूप आले ते असे! आणि ते पाहुण्यासाठी, पाहुण्याविरुद्ध नव्हे. आमचा शब्द आमच्याच हातून चोरीला जाऊ नये, म्हणून.

पैशाची बाजू

आता हिशेब, त्याशिवाय हे पुराण अपुरे राहील. आमच्या खोलीचे भाडे ९०० रुपये. चारही खोल्या मिळून महिन्याला सरासरी ४० रात्री भरतात, निम्म्या संकेतस्थळांवरून. त्या २० रात्रींचे १८,००० रुपये. त्यावर शेकडा १५ दलाली म्हणजे २,७०० रुपये आणि दलालीवर १८ टक्के जीएसटी धरून ३,१८६. हे तर जातातच. प्रणालीचे भाडे त्यावर वेगळे. एकीचे महिना १,५०० रुपये ठरीव. दुसरी दर आरक्षणामागे शेकडा ३ मागत होती, म्हणजे सगळ्या ३६,००० वर १,०८०. मोठ्या हॉटेलला ठरीव भाडे स्वस्त पडेल. आमच्यासारख्या, चार दिवस दिवाळी आणि सव्वीस दिवस शिमगा असणाऱ्यांना टक्केवारी बरी. श्रावण सरला, खोल्या ओस पडल्या, तर देणेही त्याच प्रमाणात उतरते.

आणखी दोन गोष्टी नवख्यांना सांगते. यूपीआयच्या देवघेवीवर व्यापाऱ्याला शुल्क नाही, पण प्रणालीतून कार्डाने पैसे आले तर मधल्या कंपनीचे साधारण शेकडा दोन जातात. ते आधी विचारून घ्यावे. आणि संकेतस्थळावरून आलेल्या पाहुण्याचा जीएसटी, आपली नोंदणी नसेल तर, त्या संकेतस्थळाच्या कंपनीने भरायचा असतो. आपण पुन्हा भरायचा नाही.

तिसरी टिचकी पाहुण्यांच्या नावनिशीची. ओळखपत्रांच्या नकला कुठे ठेवल्या जातात, कोण बघू शकते, हे मी प्रत्येकाला विचारले. आधार घ्यायचे तर पहिले आठ आकडे झाकलेले घ्यावे. आणि महिन्याच्या महिन्याला सगळी यादी आपल्या संगणकावर उतरवून घेता आली पाहिजे. उद्या ती कंपनीच बंद पडली तर? वही आपली, शाई त्यांची. उलटे होऊ देऊ नये.

सावधपणा का, तेही सांगते. देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून भाविकांकडून ऑनलाइन पूजेचे पैसे घेतल्याचे प्रकरण २०२५ साली थेट विधानसभेत पोचले. तेव्हापासून पाहुणे फोनवर विचारतात, "तुमचे पान खरेच ना?" मी म्हणते, "पैसे भरण्याआधी फोन करा. उचलणारी मीच असेन."

ऑगस्टची अमावास्या

आम्ही ती दुसरी प्रणाली घेतली. निवडण्यापेक्षा अवघड काम पुढे होते: 'ह्यां'ची वही. फोनवरचे आरक्षण आधी प्रणालीत आणि मग वहीत, हा नियम त्यांच्या गळी उतरायला दोन महिने लागले. "माझ्या अक्षरावर विश्वास नाही का?" असे ते एकदा म्हणाले. सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "बाबा, अक्षर तुमचेच चांगले आहे. पण ते सुरतेला दिसत नाही."

२३ ऑगस्ट २०२५ ला पुन्हा शनी अमावास्या आली. गर्दीने दुपारपासूनच मोबाइलचे जाळे कोलमडते, हे ठाऊक असल्यामुळे शुक्रवारी सकाळीच यादी कागदावर छापून भिंतीला लावली. प्रणाली कितीही चांगली असली तरी कागद लावावाच. रात्री बारापर्यंत चारही खोल्या भरल्या. ज्याची त्याला मिळाली. उपासाचे अकरा, बिनउपासाचे चार. खिचडी उरली नाही आणि कमीही पडली नाही.

त्या रात्री मी नंदुरबारला फोन केला. मार्चपासून धीर झाला नव्हता. बाईंनी उचलला. गृहस्थ बरे आहेत, चालतात-फिरतात, म्हणाल्या. मी म्हटले, पुढच्या शनी अमावास्येला खाली जी खोली आहे ती तुमची. आगाऊ काही नको. त्या म्हणाल्या, "विचारून सांगते."

अजून त्यांनी सांगितलेले नाही. पण त्या तारखेपुढे मी तळमजल्याची खोली अडवून ठेवली आहे. संकेतस्थळांवर ती दिसतच नाही. आमच्या पडद्यावर करड्या रंगाची एक चौकट तेवढी दिसते. कारण लिहायला जागा आहे. सूनबाईंनी विचारले, "आई, काय लिहू?"

"देणे आहे, असे लिही."

भाचा म्हणतो, मामी, अमावास्येची खोली रिकामी गेली तर नुकसान आहे. असेल. 'ह्यां'नी मात्र न सांगता वहीतही ती ओळ लिहून ठेवली आहे, लाल शाईने.